गच्चीवरचं शेडनेट

आमच्या राहू गावात उन्हाचा तुटवडा कधीच नव्हता. तो निघाला माझ्या बायकोच्या रक्तात.

मंगलला आमवात. म्हंजी शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सकाळी बोटं अशी आखडायची, की ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरता येईना. आन् मंगल म्हणजे शेणखताची भरली ट्रॉली रिव्हर्सनं गोठ्याच्या बोळात घालणारी गावातली एकटी बाई. (मला अजून रिकामीही जमत न्हाई.) "ट्रॅक्टर सुटला तर मी कशाची?" असं ती म्हणाली, तवा मी तिला थेट दौंडला नेलं.

दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हिटॅमिन डी फार कमी आहे. अशा आजारात ते भरून काढायलाच हवं. आठवड्याला एक पुडी, थोडं उघड्या हातांवर ऊन. पण आमवात एवढ्यानं जात नाही, मूळ गोळ्या सोडायच्या नाहीत."

"मॅडम, ही दिवसभर रानात असती. ऊन कमी कसं?" मी गावाच्या वतीनं भांडलो.

"रानात काय घालता?" त्यांनी मंगलला विचारलं.

"साडीवर ह्यांचा फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ, हातमोजे."

"मग ऊन शर्टाला मिळालं."

घरी आल्यावर मी उन्हासाठी गच्ची ठरवली. मंगल म्हणाली, "उघड्या हातांनी बसू? समोर आप्पांचं दुमजली घर हाय."

मी रांजणगावच्या कंपनीत फिटर. रोपवाटिकेचं उरलेलं शेडनेट, म्हंजी रोपांवरची हिरवी जाळी, चारी बाजूंनी ताणलं. आप्पांना वरून दिसायला नको म्हणून छतही केलं. कुठं झोळ न्हाई! मंगल आत बसली.

"अहो, गार वाटतंय की."

"वाटणारच. काम कुणाचं हाय?"

"पण ऊन कुठाय?"

समोरून आप्पांनी विचारलं, "काय रं, ढोबळी मिरची लावतोस व्हय?"

मी छत काढलं. सोबत म्हणून मीही उघड्या अंगानं पालथा पडलो, आन् रात्रपाळीची झोप लागली. मंगल तिचं ऊन घेऊन कवाच खाली गेली. मी उठलो तवा पाठ वांग्यासारखी भाजलेली. पुढं आठवडाभर शर्ट म्हणून नुसता पंचा.

गोळ्या आन् पुड्या चालू राहिल्या. हळूहळू तिची बोटं वळायला लागली. परवा तिनं भरली ट्रॉली रिव्हर्सला घेतली. दोन्हीकडं चार बोटं जागा. मी मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होतो. छाती फुगलेली, डोळे भरलेले.

ट्रॅक्टर थांबला. "अहो, बोळात ट्रॉली बसतीया. तेवढे तुम्ही बाजूला व्हा."

झालो. माझ्या मदतीनंच ट्रॉली आत गेली, असं मी गावात सांगत असतो.