तौनो काडतुसं विकत आणतो

माझ्या नवऱ्याने दुकानातून काडतुसं विकत आणल्याचं मला एका पावतीवरून कळलं. कोट धुवायला काढला होता, खिसे रिकामे करताना पावती हाताला लागली. हरणाच्या रायफलीची काडतुसं, दोन पेट्या, बहात्तर डॉलर. एखाद्या बाईला नवऱ्याच्या खिशात परक्या बाईचं पत्र सापडलं तर ती जशी मटकन खाली बसेल, तशी मी तळघराच्या पायरीवर बसले. पत्र असतं तर निदान भांडता आलं असतं.

तौनो कांगसने तीस वर्षांत एकही काडतूस विकत घेतलं नव्हतं. रस्ते खात्यात तो बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. सुपीरियर सरोवरावरून वादळ आलं की आमच्या बाजूचे लोक घरात बसायचे आणि हा पहाटे चारला बाहेर पडायचा. बोलणं मोजकं, खाणं भरपूर, आणि पैशाच्या बाबतीत चिकट. आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते, त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. शिकारीला काडतुसं लागतात, आणि तौनो ती घरीच भरायचा. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. तळघरातल्या बाकावर त्याचा हिवाळाच्या हिवाळा यात जायचा.

यात पैसे खरंच वाचतात का, यावरून सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर वीस वर्षं वाद चालला होता. समोरचा वकील म्हणजे रूडी सारेला, तौनोचा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणायचा, "तौनो, सहाशे डॉलरची यंत्रं घेतलीस. आता फक्त दीडशे वर्षं जग, म्हणजे फायद्यात येशील." यावर तौनो वही काढायचा. टोपी अमुक सेंट, गोळी अमुक सेंट, दारू अमुक सेंट, दुकानाच्या निम्म्यात काडतूस. दारूचा हिशेब चुकू नये म्हणून प्रत्येक वेळी काम संपलं की तो दारूचा डबा काट्यावर ठेवायचा आणि वजन लिहायचा. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळचं वजन तो विसरला होता, पण डब्यांची वजनं त्याला तोंडपाठ असायची.

माझं मत मी त्याला एकदाच सांगितलं. काडतूस निम्म्यात पडतं हे खरं, पण स्वस्त आहे म्हणून तू तिप्पट झाडतोस, म्हणजे एकूण दीडपट खर्च. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाकाचे नियम कडक होते. रेडिओ नाही, गप्पा नाहीत, बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा, आणि मी कशाला हात लावायचा नाही. तो शेवटचा नियम मी बहुतेक वेळा पाळत असे. ऑक्टोबरात चर्चच्या बायका गोधडी शिवायला आमच्याकडे येणार होत्या, तेव्हा मात्र तळघर झाडून पुसून घेतलं आणि बाकावरचा पसाराही आवरला. गोधडी ताणायची चौकट लावायला दुसरी जागाच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मार्लिसचा, आमच्या मुलीचा, फोन आला. ती वीस मैलांवर राहते आणि बापाइतकीच चांगली शिकारी आहे. म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? सकाळी मला वीस काडतुसं देऊन गेले आणि आत्ता येऊन परत घेऊन गेले. दोनदा मोजली. कॉफी ओतली होती, तीही घेतली नाही."

कॉफी न घेता गेला, हे ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर तौनो तळघरात उतरलाच नाही. रात्री उठून शेगडी बंद आहे का बघायचा, परत येऊन झोपायचा, पुन्हा उठायचा. गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, तूच चालव. एका दुपारी रूडी दारात आला. एरवी अंगणातूनच टोमणा मारत येणारा माणूस टोपी हातात धरून उभा होता. तौनोने काडतुसं भरायचं सगळं सामान त्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं. फुकट. रूडीने पैसे पुढे केले तर तौनो म्हणाला होता, मला आता लागणार नाही.

"एल्मा," रूडी म्हणाला, "मला हे आवडलं नाही."

मलाही आवडलं नव्हतं. मागच्या वर्षी रस्त्यापलीकडच्या विल्होने आपली होडी पुतण्याला दिली होती, जाळी चर्चला दिली होती. किती दिलदार झाला म्हातारा, असं आम्ही सगळे म्हणालो. तीन आठवड्यांनी त्याच्या अंगणात पोलिसांची गाडी उभी होती. अंत्यविधीला कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मीही नाही. मी वेलदोड्याचा पाव नेला होता आणि तो कापत बसले होते.

आता माझ्या घरात तेच सुरू झालं होतं. एकदा धीर करून विचारलं, तुला काही होतंय का? नाही म्हणाला. डॉक्टरकडे जाऊ या का? तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे पडली. डॉक्टरकडे नको, एवढंच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. हिमवादळात गाडी नेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती मी कधी बघितली नव्हती.

बंदुकांच्या कपाटाची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली. चौदा तारखेला त्याने ती मागितली. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते शब्द तोंडावाटे काढायची माझी छाती झाली नाही. पीठ झटकून मी किल्ली त्याच्या हातात दिली. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

पंधरा तारखेला पहाटे तो निघाला. दर वर्षी तो रूडी आणि मंडळींबरोबर जंगलातल्या झोपडीवर जातो. या वर्षी नको म्हणाला. घरामागे आमचीच जमीन आहे, तिथे देवदारांत त्याची जुनी बसायची जागा होती, तिकडे एकटाच जाणार होता. मी मांस-बटाट्याची पेस्टी फडक्यात बांधून दिली. दारात थांबून तो म्हणाला, "एल्मा, तू सगळं चांगलं सांभाळलंस."

त्रेचाळीस वर्षांत त्याने मला असं म्हटलं नव्हतं. दार लागलं आणि मी खिडकीशी जाऊन तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

उजाडल्यापासून लांबून बार ऐकू येत होते, कधी टेकडीकडून, कधी नदीकडून. मी हाताला काम हवं म्हणून कणीक मळत होते. आठ वाजून दहा मिनिटांनी घरामागून एक बार झाला. एकच. आमच्याकडची माणसं बार टाकला की अर्धा तास जागची हलत नाहीत, हरणाला शांतपणे पडू देतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. चार मिनिटं झाली. पाचव्या मिनिटाला मी त्याचेच जुने बूट पायांत घालून, हाताला कणीक तशीच, बर्फातून पळत सुटले. सबंध वाट मी त्याला हाक मारली नाही. हाकेला ओ आली नाही तर काय, एवढंच डोक्यात होतं.

तो पालथ्या बादलीवर बसला होता. रायफल झाडाला टेकवलेली. तोंडातून वाफ येत होती. ती वाफ बघितली आणि मी त्याच्या खांद्यावर कणकेच्या मुठीने दोन-तीन गुद्दे घातले.

"नेम चुकला," तो म्हणाला. "नर हरीण चाळीस पावलांवर उभं होतं. माझे हात थरथरत होते."

"विल्होसारखं काही डोक्यात असेल तर आत्ता सांग," मी म्हटलं. महिनाभर न निघालेलं वाक्य असं बर्फात उभं राहून निघालं.

त्याने मान हलवली. "विल्होसारखं नाही गं. बाबांसारखं."

त्याचे वडील, हेइक्की, शेवटची सहा वर्षं आमच्याकडे होते. बूट ओव्हनमध्ये ठेवायचे. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाईंचं दूध काढायला गोठ्याकडे निघायचे. शेवटी शेवटी सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, अंघोळ घालताना तौनोलाच विचारायचे, तू कोणाचा रे? तौनोने ते सगळं केलं आणि कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं, त्याला त्याचं काही वाटत नाही.

मग त्याने सांगितलं. ऑक्टोबरात एका गुरुवारी तो पिस्तुलाची काडतुसं भरून उठला. पिस्तुलाची दारू झटकन जळते, रायफलीची सावकाश. पहिली दुसरीत मिसळली तर रायफल तोंडाशी फुटते. पिस्तुलाच्या दारूचा डबा त्याने कपाटात ठेवला, रायफलीचा पुढच्या कामासाठी बाहेर काढला, मापाच्या नळीत उरलेली दारू काढायची राहिली, तेवढ्यात रूडीचा फोन आला. त्याची गाडी खड्ड्यात गेली होती. तौनो गेला. रात्री परत आला तर नळी रिकामी होती. मी बाकाला हात लावत नाही हा नियमच होता, म्हणून आपणच रिकामी करून गेलो, असं त्याने धरलं. सकाळी घाईत रायफलीच्या डब्यातून मार्लिससाठी वीस काडतुसं भरली आणि देऊन आला. वजन करायचं राहिलं होतं, ते दुपारी केलं. डबा हलका व्हायच्या ऐवजी जड भरला. त्याने दारू पांढऱ्या कागदावर ओतली. रायफलीच्या दारूच्या काळ्या काड्यांमध्ये पिस्तुलाच्या दारूचे करडे पापुद्रे दिसले.

"मीच ओतली," तो म्हणाला. "आणि मला आठवत नाही, एल्मा. महिनाभर रोज रात्री आठवून बघतोय. काही म्हणजे काही आठवत नाही. पोरीच्या हातात मी काय दिलं होतं."

मला तो दिवस आठवला. गुरुवार. गोधडीची चौकट. बाकावर एकच डबा होता, शेजारी मापाच्या काचेच्या नळीत करडंसं काहीतरी उरलेलं. एकच डबा, म्हणजे ते त्यातलंच असणार. याचा एक कणही वाया जायला नको, नाहीतर हा चार दिवस कुरकुरेल, असं म्हणत मी ते डब्यात ओतलं होतं. त्याच्याच पैशाच्या काळजीने. महिनाभरात मी पुष्कळ घाबरले होते, पण त्या क्षणी मला मार्लिसचा गाल रायफलीला लागलेला दिसला, आणि तशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"तौनो, मी ओतली," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. मग विचारलं, "कधी?"

"गुरुवारी. बायका यायच्या आधी."

"शेवटचे कण पडावेत म्हणून नळीवर टिचकी मारलीस?"

"दोनदा."

त्याने हातमोज्यांत तोंड लपवलं आणि रडायला लागला. वडिलांना पुरलं तेव्हाही तो रडला नव्हता. तो माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. ओरडला असता तर मला हलकं वाटलं असतं. पण तो रडत रडत एवढंच म्हणत होता, की मी नाही, मी नाही.

निरोप मिळताच रूडी झोपडी सोडून दुपारी यंत्रं परत घेऊन आला. जाता जाता म्हणाला, माझ्या तळघराचं भाडं द्या. दुकानातल्या त्या कॉफीच्या टेबलावर आता कोणी मला विचारलं तर मी सांगते, हो, काडतुसं घरी भरण्यात फायदा आहे. काडतुसामागे किती सेंट वाचले हे कळायची खाज माझ्या नवऱ्याला नसती, तर त्याने डबा काट्यावर ठेवला नसता.

त्या दिवशी त्याने वही माझ्यासमोर उघडली. ऑक्टोबरच्या त्या ओळीत वजन लिहिलेलं होतं आणि पुढे, 'मी. बाबांसारखं.' त्याने त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'एल्मा.' इतक्या वर्षांत त्या वहीत माझं नाव पहिल्यांदा आलं. मी ते पान अजूनही मधूनमधून काढते. नावाकडे बघत नाही. खालच्या ओळीत लिहिलंय, 'मार्लिसला दिली २०. परत आणली २०.' त्या दुसऱ्या विसावर मी बोट ठेवते, मग वही मिटते.