कुसुमवन्संच्या बिनशब्दांच्या कॅसेटी

कुसुमवन्सं नवी कॅसेट ऐकायच्या तेव्हा समोर लसणाची टोपली घेऊन बसायच्या. टेपरेकॉर्डर चालू करायच्या आणि लसूण सोलायला लागायच्या. लक्ष गाण्याकडे नसे, स्वतःच्या बोटांकडे असे. बोटं भरभर चालली की म्हणायच्या, "ह्ये पळणारं." मंदावली की, "ह्ये चालणारं." एखाद्या तुकड्याला मात्र पाकळी हातातच राहायची आणि सोलायचं भान राहायचं नाही. मग मला हाक यायची, "वहिनी, या बघू हिकडं! बसणारं गावलं!" आमच्या खानावळीचा बराचसा लसूण असा परदेशी संगीतावर सोलला गेला आहे.

मुलांनो, कुसुमवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. तुमच्यापैकी कुणीच त्यांना पाहिलेलं नाही. परवा इरा फोनवर म्हणाली की झोप येत नाही म्हणून ती कानात चिलआउट नावाचं संथ संगीत लावते, "पण आजी, ते काय असतं तुला नाही कळायचं." एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमची खानावळ रामनगरात, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर होती. त्याआधी घराण्याचं किराणा दुकान जुन्या सुपा गावात होतं. धरणाचं पाणी आलं, सुपा बुडालं, आणि माणसं इकडे येऊन राहिली. मी बेळगावची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. इथल्या हायस्कुलात शिकवत होते. कुसुमवन्सं खानापूरकडच्या सासरहून एक दिवस पिशवी घेऊन परत आल्या त्या राहिल्याच. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. 'राहा' असंही कुणी तोंडाने म्हटलं नाही. कदाचित म्हणूनच असेल, त्या बाईच्या पायांना थारा नव्हता. आज बाकं भिंतीला लावायच्या, उद्या खिडकीला. गिऱ्हाइकाचा शेवटचा घास तोंडात असतानाच ताट उचलायच्या. उळवीच्या जत्रेला निघायच्या आणि जोयड्यात बस बदलताना दुधावर झाकण ठेवलं का ते आठवून परतीच्या जीपमध्ये बसायच्या.

"कुसुम, तू मागल्या जन्मी भिंगरी हुतीस," तुमचे आजोबा म्हणायचे.

"व्हय दादा. आन् दोरी तुझ्या हातात हुती, म्हणून अजून गरगरतोय," त्या म्हणायच्या. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मला शाळामास्तरणीला ते आधी खटकायचं, मग आवडायला लागलं.

पहिली कॅसेट एका परदेशी मुलीने दिली. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसच्या दिवस नाचून ती हंपीला निघाली होती. बस चहाला थांबली तर हिचे हात इतके थरथरत होते की कप धरवेना. कुसुमवन्संनी तिला माजघरात नेलं. "सिट," म्हणाल्या. "ईट. नो टॉक." वरणभात खाऊन मुलगी दुसऱ्या दिवसापर्यंत झोपली आणि जाताना आपल्या पिशवीतली कॅसेट यांच्या हातात ठेवून गेली.

तिने मला सांगितलं ते मी वन्संना मराठीत सांगितलं. की नाचून दमलेल्यांसाठी तिथे एक कोपरा असतो, सतरंज्या टाकलेला. तिथे हे संथ संगीत वाजवतात. ते यंत्रावर केलेलं असतं, त्यात शब्द नसतात. आणि एकच माणूस वेगवेगळ्यांचे तुकडे निवडून, एकापुढे एक लावून अशी कॅसेट करतो.

"म्हंजे भाज्या दुसऱ्यांच्या, कालवण आपलं," वन्सं म्हणाल्या.

"आणि या संगीताने डोक्यात रंग दिसतात म्हणे."

"रंग कशाला पायजेत? डोकं गप बसलं तरी लई झालं."

त्या दिवसापासून खानावळीत थांबणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या कॅसेटवर यांची नजर. तो जेवेपर्यंत यांची नक्कल तयार. तुमच्या आजोबांनी मडगावहून दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आणून दिला होता. त्यावर त्या स्वतःची संकलनं करायला लागल्या. मला प्रत्येक तुकड्याचं नाव कागदावर लिहून डबीत घालायचं होतं. त्यांनी लिहू दिलं नाही. "नाव वाचलं की मानूस ऐकत न्हाई, वळखत बसतंय."

त्यांची रीत उलटी होती. संथ कॅसेट, पण सुरुवात धडधडत्या ठोक्यांनी. मी विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, उधळलेल्या बैलाचा कासरा वडायचा नसतोय. त्याच्या संगं पळायचं. मग आपण जरा हळू व्हायचं. त्यो पन हळू हुतोय. एकदम 'बस' म्हटलं तर शिंगावर घेईल." म्हणून आधी पळणारं, मग चालणारं, आणि शेवटी बसणारं. त्या शेवटच्या तुकड्यांत ठोके जवळजवळ नसत. लांबलचक घुमणारे सूर आणि पाणी. झरा, लाटा, पागोळ्या. असल्या संगीतात पाणी असतंच. गोव्याहून येणारी मुलं "कुसुमची टेप" मागायला लागली. डोळे तारवटलेले, पाय सतत हलवणारे ते पाहुणे ती ऐकत बाकावर आडवे व्हायचे, आणि त्यांना निजवून या स्वतः मात्र मागे अंगण तिसऱ्यांदा झाडत असायच्या.

मग मामंजींचं सुरू झालं. माझे सासरे, वन्संचे आप्पा; सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. सुपा सुटल्यावर ते शांतच होते. फार शांत, असं आता वाटतं. म्हातारपणी डोक्यातून मधली वर्षं पुसली गेली आणि बुडालेलं गाव वर आलं. दुपारी जेवण झालं की उठायचे, टोपी घालायचे. "दुकान उघडायची येळ झाली," म्हणायचे आणि रस्त्याला लागायचे. तो रस्ता ट्रकांचा. एकदा खनिजाचा ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. ड्रायव्हर खाली उतरून कन्नडमध्ये ओरडत होता, आणि मामंजी त्यालाच सुप्याची वाट विचारत होते.

बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की मामंजी जिथे बसवले तिथे बसायचे, तोंडातून लाळ गळायची. वन्संनी ते दोन दिवस पाहिलं आणि गोळ्या फळीवर वर ठेवून दिल्या. "ह्ये बसनं न्हवं. ह्ये पडून राहनं."

"मग तू बसीव की," तुमचे आजोबा वैतागून म्हणाले. "गावच्या गोऱ्यांना निजवतीस, बापाला निजीव."

वन्संना तेच हवं होतं. आपली सगळ्यांत नावाजलेली कॅसेट त्यांनी भर दुपारी लावली. मामंजी उंबऱ्याशी टोपी घालून उभे होते. सुरुवातीला ते खरोखर थबकले, कान दिला. खानावळीत दोन पाहुणे जेवत होते, तेही माना डोलवत होते. संगीत संथ होत गेलं, सूर लांबले, आणि पाणी वाहायला लागलं.

"पानी आलं!" मामंजी किंचाळले. "कुसुम! पानी घरात आलं! मिठाची पोती वर काढा आदी!"

म्हातारा माणूस, पण अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. पिठाचा डबा बाकावर, तांदळाचं गाठोडं टेबलावर. पाहुण्यांची पाठपिशवी उचलून त्यांनी कपाटावर फेकली. पाहुण्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनीही पाय वर घेतले. मी धावत जाऊन टेप बंद केली तरी मामंजी गुडघाभर पाण्यातून चालावं तसे पाय उचलून चालत होते आणि रडत होते. सुप्यात सामान काढताना मीठ शेवटी राहिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी तुमच्या आजोबांनी मामंजींच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. सोमवारपासून दुपारची लावायची. त्यांचाही नाइलाज होता, हे तुम्ही लक्षात ठेवा.

"दादा, बापाला कोंडतोस?"

"ट्रकाखाली गेले म्हंजे? तवा काय टेप लावणार हाईस?"

"मग मलाबी आत घाल. दोघं बसतो."

"तू? तू बसनार?" ते म्हणाले, आणि त्या इतक्या संतापातही त्या हसल्या.

त्या आठवड्यात घरात कुणाला स्वस्थता नव्हती. वन्संनी सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकायला घेतल्या. लावायच्या, पाणी वाजलं की बटण दाबायच्या, दुसरी लावायच्या. "काय ही मानसं वहिनी! पान्याबिगर ह्यांना गप ऱ्हाताच येत न्हाई. ह्यांचं कुनाचं गाव बुडालं न्हाई वाटतं." पळणारे तुकडे कोरडे मिळाले, चालणारेही मिळाले. बसणारं मिळेना. अखेर एका कॅसेटच्या शेवटी नुसता घुमणारा एक सूर सापडला, पण तो ऐकून त्या म्हणाल्या, "ह्यात मानूस न्हाई. आप्पा हितं येऊन कुनाला भेटनार?"

आणि मग त्या तुमच्या आजोबांकडे गेल्या. आजोबा गल्ल्यावर होते. त्यांच्यासमोर शेराचं माप आणि तांदळाचं पोतं ठेवून म्हणाल्या, "दादा, माप."

"कशाला?"

"आप्पा मापायचे तसं माप. तोंडानं म्हन."

"मी काय येडा हाय? गिऱ्हाईक बघाय लागल्यात."

"बघूदेत की. आप्पांचा आवाज तुझ्यातच ऱ्हायलाय रे. माझ्यात न्हाई."

तुमचे आजोबा गल्ला बंद करून उठले. मग धोतर सावरून खाली बसले. धान्य मापताना पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांनी शेर भरला, हाताने वरचं निपटलं, आणि दुकानदाराच्या त्या जुन्या ओढलेल्या सुरात म्हणाले, "लाऽभ." तांदूळ सळसळत परातीत पडले. "दोऽन." पुढचं पोरपणी ऐकलेलं आपोआप येत गेलं. एका टेपवर तो घुमणारा सूर चालू होता आणि दुसरीवर वन्सं तो सूर आणि हा आवाज एकत्र भरून घेत होत्या. मापून झाल्यावर तुमचे आजोबा उठले आणि मागच्या आडावर तोंड धुवायला गेले.

सोमवारी दुपारी मामंजींनी टोपी घातली. कडी तशीच लोंबत होती. वन्संनी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवला आणि म्हणाल्या, "चला आप्पा, मीबी येतो सुप्याला."

"चल, चल. उशीर झालाय," मामंजी म्हणाले.

रस्त्याकडे न जाता त्यांनी मागच्या मोकळ्या माळाकडची वाट धरली. ठोके धडधडत होते, दोघं तरातरा चालली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि तुमचे आजोबा माझ्यामागे. माळाला एक फेरी झाली, दुसरी झाली. ठोके लांबले तसे वन्संनी पाय आखडते घेतले. मामंजी पुढे गेले, थांबले, मागे वळून लेकीसाठी उभे राहिले. मग तिच्या पायाने चालायला लागले. खानावळीच्या कट्ट्यापाशी आली तेव्हा तो एकच सूर घुमत होता, आणि त्यातून आवाज आला, "लाऽभ."

मामंजी कट्ट्यावर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोऽन," ते म्हणाले. "तीऽन."

माझ्यामागे हुंदका आला. मी वळून पाहिलं नाही.

ती कडी पुन्हा कुणी लावली नाही. पुढच्या शिमग्याआधी मामंजी गेले, उघड्या दाराच्या खोलीत. तोवर रोज दुपारी बापलेक सुप्याला जाऊन येत. वन्संही पुढे काही वर्षांनी गेल्या. त्यांच्या कॅसेटींना इथल्या पावसाळी हवेने बुरशी धरली. एकही वाजत नाही, त्यामुळे इरा, तुला ऐकवायला माझ्याकडे काही नाही.

पण एक दुपार सांगायची राहिली. मामंजींचे शेवटचे दिवस होते. फेरी संपून दोघं कट्ट्यावर आली होती. मी आत भाकरी थापत होते. मापं मोजून झाल्यावर मामंजींनी वन्संकडे निरखून पाहिलं. अलीकडे ते कुणालाच ओळखत नव्हते.

"पोरी, तू अजून दुकानात काय करतीस?"

"सोबतीला आलो, आप्पा."

"पोचलो की आपन. मी बसतो हितं. तू घरी जा आता."

मग वन्संचा आवाज, एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता इतका बारीक. "कुठल्या घरी जाऊ?"

"ह्ये काय इचारनं! मागल्या दारानं जा. आई वाट बघतीया तुजी."

चुलीवरची भाकरी मी उलटायची विसरले. पावलं कट्ट्यावरून उतरली, घराला वळसा घालून आली, आणि सदा पुढल्या दाराने वाऱ्यासारख्या आत-बाहेर करणाऱ्या कुसुमवन्सं मागच्या दारात उभ्या राहिल्या. पायातल्या वहाणा त्यांनी काढल्या, नीट भिंतीशी लावून ठेवल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मला आप्पांनी घरी धाडलंय."

मी पाट मांडला.