उस्मानचाचांचं घर

उस्मानचाचा कापडाचा तागा उलगडला की आधी त्यातला तुटका धागा शोधून त्यावर बोट ठेवायचे. "हे बघा, हितं खोट हाय. आता भाव बोला." धामणकर नाक्यामागे त्यांचे आठ लूम होते. व्यापारी त्यांना वेडा म्हणायचे आणि माल मात्र डोळे मिटून उचलायचे.

नव्वदच्या सुमारास त्यांनी घर विकायला काढलं. आम्ही त्याच गल्लीत भाड्याने राहत होतो. मी शाळेत शिकवायची. भिवंडीत दलाल घर दाखवणार ते शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. चाचांनी आम्हाला मुद्दाम शनिवारी बोलावलं. शेजारच्या कारखान्याच्या धडधडीने फडताळातल्या बशा किणकिणत होत्या. "ऐकलंत ना बाई? हे रोजचं हाय." मग त्यांनी गळकी मोरी दाखवली, वाळवी लागलेला वासा दाखवला. माझे यजमान हसायलाच लागले. "चाचा, घर विकताय की आम्हाला पळवून लावताय?"

मला ते घर हवंच होतं, अगदी परसातल्या विहिरीसकट. चार वर्षांपूर्वी त्यांची रेहाना पाणी काढताना पाय घसरून त्या विहिरीत गेली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी तिच्या आईला, हमीदाचाचींना, मीच धरून बसले होते. अपघात कुठेही होतो, अशी मी मनाची समजूत घातली होती.

चाचा विहिरीपाशी थांबले. "बाई, खरी खोट ही हाय. पोरीचा पाय घसरला न्हाय. ती आपणहून गेली. चिठ्ठी ठेवली होती. मी वाचली आणि चुलीत टाकली."

मी मान वळवली, तर मागे हमीदाचाची चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

"काय लिवलं होतं?" त्यांनी विचारलं.

चाचा खाली बघत म्हणाले, "अम्मीला कळू देऊ नका. एवढंच."

त्या क्षणी मला त्यांच्या खरेपणाची चीड आली, नि लाजही वाटली, कारण तो खरेपणा माझ्यासाठी होता. चाचींनी ट्रे कट्ट्यावर ठेवला. आत जाऊन बुरखा घालून आल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला सांगितलंत. मला न्हाय." आणि अकलोलीला भावाकडे निघून गेल्या.

घर आम्ही घेतलं नाही. चाचांनीही ते पुन्हा कुणाला दाखवलं नाही. सहा वर्षं तिथे एकटेच राहिले. चाची परत आल्या त्या थेट त्यांच्या मय्यतीला.