एकही रेघ न वाढवता

आमच्या दुकानातली रद्दी दर दिवाळीला निघायची. किस्से मात्र कोण नेणार? ते साठतच गेले. दुकान बंद होऊन वर्ष झालं, तरी सुरेश आणि मी चहाला बसलो की एखादा बाहेर पडतोच.

बारामतीत भिगवण रस्त्याला आमचं डिझाइनचं दुकान होतं. सुरेश पुण्याहून कमर्शियल आर्ट शिकून आलेला. काम त्याचं, बोलणं माझं. त्याची एकच इच्छा होती. आपण काढलेला एक तरी लोगो, गिऱ्हाइकानं एकही रेघ न वाढवता, जसाच्या तसा वापरला जावा! त्यासाठी लई झुरायचा बिचारा.

•

वडगाव निंबाळकरचे एक तात्या दूध डेअरीच्या लोगोसाठी आले. सुरेशनं चार रेषांत अशी देखणी गाय काढली, की मीच बघत राहिलो. तात्यांनी चष्मा लावला.

"कासंला दोनच सडं?"

"तात्या, बाजूनं बघितलं की दोनच दिसतात."

"मग गिऱ्हाइकानं काय पलीकडनं जाऊन बघायचं? लोक म्हणतील, ह्यांचं जनावर आजारी हाय!"

चार सडं काढली. वर तात्यांनी हिरवी वैरणही मागून घेतली, गाय उपाशी दिसत होती म्हणून.

•

मोकळी जागा म्हणजे सुरेशचा जीव की प्राण. "लोगोभोवती मोकळं असलं की नजर ठरते," असं तो प्रत्येकाला सांगायचा. इंदापूरच्या खानावळवाल्या आबांनाही सांगितलं.

आबा म्हणाले, "आमी उसाच्या सरीत बी कांदा घेतो, आन् तुमी एवढी जागा पडीक ठिवली?"

मग त्या पडीक जागेत आबांचे वडील बसले, शेजारी आई बसली, खाली दोन्ही भाऊ फेटे बांधून उभे राहिले. उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. सुरेश रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बराच वेळ बोर्डावर स्वतःचा लोगो शोधत होता. मटणाचा रस्सा मात्र झकास होता, अजून आठवतो.

•

मोरगावचे दोघे भाऊ शेळीपालनाचा लोगो करायला आले. सुरेशनं दोघांच्या नावांची पहिली अक्षरं एकमेकांत गुंफली, धाकट्याचं वर, थोरल्याचं खाली.

धाकटा उखडला. "दादाच्या डोक्यावर मी बसू व्हय?"

थोरला म्हणाला, "बस की! शेळ्यांचं समदं तूच बघतुस. ऱ्हाऊ द्या हो, ह्योच वर!"

"न्हाय! दादाच वर पायजे!"

भांडण असं पेटलं, की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. शेवटी दोघांची अक्षरं काढून टाकली आणि आईचं नाव घातलं. सगळे खूश! सुरेश सोडून.

आता लोक मोबाईलवर दोन मिनिटांत लोगो करतात. चांगलेही करतात. पण समोर बसून भांडायला कुणी येत नाही. मला त्या भांडणांची फार आठवण येते.

•

दुकान बंद व्हायच्या जरा आधी निमगाव केतकीच्या कमलताई आल्या. डाळिंबाची बाग. मालक गेल्यावर पहिल्यांदाच एकटीनं बहार धरलेला, आणि माल स्वतःच्या बॉक्समधून पाठवायचा होता.

सुरेशनं एकच डाळिंब काढलं, वर एक पान. बाकी सगळं मोकळं.

ताई बघत राहिल्या. मी सवयीनं विचारलं, "काय वाढवायचं, ताई?"

"काय बी नगं. हाय असंच ऱ्हाऊ द्या. लई ग्वाड हाय!"

सुरेशनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. त्यानं लगेच प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.

ताई उठल्या. पुन्हा एकदा प्रिंटकडं बघून हसल्या, आणि पदरानं डोळे टिपले.

"आमचं मालक असतं, तर त्यांनी ह्यात मोत्याला बी बसवलं असतं. आमचं कुत्रं हो. दोघं मिळून बाग राखायचं. जाऊ द्या, मी आपलं उगंच बोलले."

मी घाईघाईनं म्हणालो, "नाही ताई, लोगो आहे तसाच छान आहे."

सुरेशनं त्यांच्या हातातली प्रिंट परत घेतली आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसला.

"ताई, मोत्याचे कान उभे होते, का पडलेले?"