शाईत बुडवलेले दात

दाताच्या डॉक्टरपासून दुखरा दात लपवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण ज्याला पाहून रोगी आपला बरा झालेला दात लपवत, असा डॉक्टर एकच झाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. आमच्या दाजींचा दवाखाना अंबाजोगाईत होता. उपटलेला दात ते रोग्याकडून मागून घेत, "टाकूनच देणार ना? मग मला द्या," म्हणत आणि ताईच्या लोणच्याच्या बरण्यांत पाण्यात घालून ठेवत. एकदा पाहुणे जेवायला बसले असताना ताईनं चुकीची बरणी उघडली. तेव्हापासून आमच्याकडच्या कुणी तिथं लोणचं मागितलेलं नाही.

दाताची नस काढून मुळातली पोकळी भरायची आणि ती खालून गळू द्यायची नाही, एवढंच काय ते दंतशास्त्र. बाकी सगळं खुर्ची वरखाली करणं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून बरणीतल्या दातांची मुळं ते निरनिराळ्या मसाल्यांनी भरत, टोक सोडून बाहेरून ताईचं नेलपॉलिश फासत आणि दात निळ्या शाईत बुडवून ठेवत. मग ते उभे चिरायचे आणि शाई कुठवर चढली ते भिंग लावून बघायचं. बोटं कायम निळी. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या कारकुनानं त्यांचा हात बघितला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमी एकदा शिक्का मारून गेलता की!" दाजींनी तिथंच मूळ, मसाला आणि शाई समजावून सांगायला सुरुवात केली. मागची रांग इतकी ओरडली, की कारकुनानं घाईघाईनं त्यांना मत देऊ दिलं.

पुढं खुलं धोरण आलं. रंगीत टीव्ही आले, थंड पेयं आली, आणि एक विक्रेता फटफटीवरून परदेशी मसाल्याची ट्यूब घेऊन आला. लवंगेच्या तेलात कालवलेली जुनी पूड दाजींनी अडगळीत टाकली आणि गावभर दाढा परदेशी करून टाकल्या. बाहेर तशी पाटीही लावली. शहाणा माणूस इथं थांबला असता. दाजींनी दोन्ही मसाले शाईत बुडवले. जुना कोरडा निघाला. परदेशी पार वरपर्यंत निळा!

"मसाल्याचा दोष की माझ्या हाताचा, ते कळत नाही," दाजी म्हणाले, "पण शाई आत गेली."

पाटी उतरवून ते स्कूटरवर निघाले, रोग्यांना परत बोलवायला. घाटनांदूरचा किराणावाला त्यांना बघून गोदामात दडला. दाजींनी तिथं गाठलं, तेव्हा गालावर हात ठेवून म्हणाला, "दुखत न्हाई, सुजत न्हाई, मग कावून उकरायलाव?" गावात बोभाटा झाला, की या डॉक्टरचे दात गळतात. रोगी समोरच्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथं तीच ट्यूब वापरत, फक्त शाई आणत नसत. ताई संतापून म्हणाली, "खोटं बोलू नका, पण गप्प तरी बसा!" दाजी गप्प बसले, पण स्कूटर काही बसली नाही.

उन्हाळ्यात मी तिकडं गेलो होतो. दवाखाना ओस होता. दाजी एकटेच भिंग पुसत बसले होते. तेवढ्यात वडवणीकडची एक बाई दारात आली. ऊसतोडीहून नुकतीच परतली होती.

"सासू म्हनली, डॉक्टर सवता घरी आलते. एवढं मोठं मानूस माज्या दाढंसाठी आलं, म्हनलं जाऊन यावं."

दाजींनी तिला बसवलं. परदेशी मसाला उकरला, जुन्या पुडीनं दाढ नव्यानं भरली. हात लई हळू चालत होता. बाई गेल्यावर ते तिच्याच खुर्चीत टेकले आणि आत डोकावणाऱ्या ताईला म्हणाले, "आली बघ."

ताईनं पंखा तेवढा मोठा केला. दाजींची चेष्टा करायला माझ्याकडं कधी काही कमी पडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी टेबलावरचं भिंग उचललं आणि पुसत बसलो.