तेल घातलेले कान

माझा आवाज मोठा आहे. माहेरी म्हणायचे, हिला लाउडस्पीकर लागत नाही. लग्नानंतर जुईनगरच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. पण जासईच्या अलीकडच्या ज्या गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिथे हा आवाज कामाला येतो. शाळेला लागून रस्ता आणि पलीकडे कंटेनरचं यार्ड. दिवसभर धडधड चालू असते. तिथे हळू बोलणाऱ्या बाईचं काम नाही.

तर अशा माझ्या आवाजात मी तिसरीला श्रुतलेखन घालत होते. मला एका जागी उभं राहून घालता येत नाही, मी बाकांमधून फिरत राहते. एक मुलगी होती, भलती बडबडी. घरच्या मांजरीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं मला सांगायची. तिची वही बघताना लक्षात आलं की मी तिच्या उजव्या हाताला असताना घातलेले शब्द बरोबर आहेत, आणि डाव्या हाताला गेले की जागा कोऱ्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच करून पाहिलं. मी डावीकडे गेले की ती अख्खी मान वळवून उजवा कान माझ्याकडे करायची, आणि तरी चुकलं तर शेजारणीच्या वहीत डोकवायची. डाव्या कानात कायम कापसाचा बोळा असे. डाव्या बाजूला कोणी बसायला तयार नसे. पोरं स्पष्ट सांगायची, "बाई, हिचा वास येतो."

तिची आई रोज तिला स्कूटीवरून सोडायला यायची. जेमतेम तिशीची, नीटनेटकी, हसतमुख बाई. नवरा बंदरात सुपरवायझर. बंदरासाठी जमिनी गेल्या, त्यांच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी तीन मजली घर बांधलं होतं आणि वरचे दोन मजले भाड्यानं दिले होते. मी तिला फाटकापाशी थांबवून सांगितलं, की मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय.

"आयकू येतं तिला, बाई. ती आयकत नाय, ती येगली गोष्ट हाय," ती हसून म्हणाली. "कान फुटलाय फकस्त. लानपनी सगल्यांचाच फुटतो. माजा पन फुटायचा. मोठी झाली का बंद होल."

मी म्हटलं, दाखवून तरी घ्या. ती हो म्हणाली. आपल्याकडे असं 'हो' म्हणजे विषय संपला.

म्हणून शाळेत कानांची तपासणी येणार असं कळलं तेव्हा मला अगदी हायसं वाटलं. एक बाई यंत्र घेऊन येणार, प्रत्येक मुलाचा कान तपासणार, ज्याचं काही वेगळं दिसेल त्याच्या कानात बारीक कॅमेरा घालणार, आणि खारघरच्या मोठ्या हॉस्पिटलातले कानाचे डॉक्टर तिकडे बसल्या बसल्या लॅपटॉपवर ते बघणार. आमच्या मुख्याध्यापकांना अशा गोष्टींचा फार उत्साह. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर संदेश टाकला की उद्या कान तपासणी आहे, पाल्यांना स्वच्छ करून पाठवावे. कोणतीही तपासणी असली की ते हेच लिहितात. दातांची असो, नखांची असो, की पोषण आहाराच्या ताटांची.

गावातल्या आयांनी तो संदेश अगदी मनावर घेतला. डॉक्टर आपल्या पोराच्या कानात बघणार, तिथे मळ दिसला तर अब्रूच गेली की. मग जे त्यांच्या आयांनी केलं, तेच त्यांनी केलं. खोबरेल तेलात लसूण टाकून कडकडीत तापवलं, कोमट करून पोरांच्या कानात घातलं आणि वर कापूस लावला. एका घरात नाही, घरोघरी. सकाळी प्रार्थनेला पोरं ओळीत उभी राहिली तेव्हा मैदानभर फोडणीचा वास सुटला होता.

मला हसू आवरेना. यंत्रवाल्या बाईंना मात्र रडू यायचं बाकी होतं. त्या पहाटे घरून निघून, तीन वाहनं बदलून आल्या होत्या. ज्याच्या कानाला यंत्र लावावं तो नापास. तेलामुळे यंत्राला काही कळेचना. पहिली झाली, दुसरी झाली, वर्गच्या वर्ग नापास. कॅमेरा घातला की लॅपटॉपवर नुसता पिवळा चकाकणारा गोळा दिसायचा. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "ही शाळा आहे की वडापावची गाडी?" मुख्याध्यापकसुद्धा हसले.

मग ती मुलगी खुर्चीत बसली. बोळा काढल्याबरोबर यंत्रवाल्या बाईंचं नाक आक्रसलं. लसणाच्या खालून दुसराच वास येत होता, घाण, कुजका. मला तो वर्गात रोज येत होता. कॅमेऱ्यात मात्र तेच, पिवळा गोळा. डॉक्टर म्हणाले, "हेही तेलच. पुढच्या मुलाला घ्या."

"डॉक्टर, ही तशी नाही," मी लॅपटॉपपाशी वाकून म्हटलं. "हिच्या कानाला वास येतो. हिला डावीकडून ऐकू येत नाही."

पडद्यावर त्यांचे ओठ हलले आणि थांबले. मग आवाज आला, "मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये." मी पुन्हा ओरडून सांगितलं. नेट गेलं होतं, त्याला माझा आवाज काय करणार. परत जोडणी झाली तोवर बाहेर पालक खोळंबले होते आणि डॉक्टरांच्या ओपीडीची वेळ झाली होती. त्यांनी एकच निरोप ठेवला, की तेल घालू नका, पुढच्या फेरीत सगळ्यांना परत तपासू. यंत्रवाल्या बाईंना मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, मलाही शंका येतेय, पण निदान मी करू शकत नाही. तुम्ही हिला प्रत्यक्ष दाखवा."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. संगमरवरी फरशी, काचेच्या कपाटात बाहुल्या. आईनं चहा टाकला, मुलगी माझ्या शेजारी येऊन चिकटून बसली, तिच्या उजव्या कानाच्या बाजूनं. मी म्हटलं, वहिनी, उद्याच्या उद्या हिला खारघरला न्या. गच्चीतून तिकडचे टॉवर दिसतात तुमच्या. इतकं काय लांब आहे?

"कशाला, बाई?" ती म्हणाली. "सगल्यांच्याच पोरांना परत बोलावलाय. माजे एकटीच्याच पोरीला न्यायचा तं लोक काय बोलतील? मशीनवाले परत येनार हायेत ना. मोठा डॉक्टर सोता बोलला."

तिचं काही चुकत नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. एकटी तिची मुलगी नापास झाली असती तर ती रात्रीत घाबरून डॉक्टरकडे धावली असती. अख्खी शाळा नापास झाली, म्हणजे कुणीच झालं नाही. गावभरच्या तेलात तिच्या लेकीचा कान झाकला गेला. वर ती मला काळजीनं सांगत होती, की ठणका लागला की पोर फार रडते, म्हणून तेवढ्यापुरतं दोन थेंब घालते. मी म्हटलं, एक थेंबही नको. ती हो म्हणाली.

पुढची फेरी लवकरच होणार होती. मग ते यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेलं. मग आम्हा शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागली. मग परीक्षा आल्या, सुट्टी आली. मी दर सोमवारी मुख्याध्यापकांना विचारायची आणि ते खिडकीबाहेर बघत "वरून कळवतील" म्हणायचे. मी फाटकापाशी आईलाही विचारायची. ती म्हणायची, "आले का मशीनवाले?" जणू आम्ही दोघी एकाच बसची वाट बघत होतो. आमची ही टेलिमेडिसीन म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी एकदा स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हटलं, तर सगळे हसले. मला हसवायचं नव्हतं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एके दिवशी मी वर्गात काहीतरी गंमत सांगितली आणि पोरं खिदळली. तीही हसली. पण तिच्या तोंडाची एकच बाजू हसली. दुसरी तशीच राहिली आणि डावा डोळा मिटेना. मी खडू खाली ठेवला.

आईला फोन केला, तर तिला ते सकाळीच दिसलं होतं. "तोंडावरून वारा गेलाय," ती म्हणाली. गावातलं कोणीतरी शाळा सुटल्यावर झाडपाल्याचा लेप देणार होतं. त्या वेळी मी तिच्यावर जी ओरडले, तशी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. मुख्याध्यापकांना न विचारता वर्ग सोडला, रिक्षा बोलावली, आईला शाळेत यायला लावलं, दोघींना आत बसवलं. खारघरला पोचायला एक तासही लागला नाही. हे मला अजून पचत नाही.

तेच डॉक्टर होते. पडद्यावर वाटले होते त्याहून वयानं लहान, आणि वाईट माणूस मुळीच नाही. मुलीच्या कानात बघताच त्यांचा चेहरा बदलला. तपासण्या झाल्या. मग त्यांनी आईला जरा चढ्या आवाजात विचारलं, "इतके महिने का थांबलात? घरात कोणाला कळलं नाही?"

आईनं पदर तोंडाशी नेला. "तुमीच बोलले होते ना," ती म्हणाली, "परत येऊ म्हनून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग शाळेचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर ते खाली बघून लिहायला लागले. मला तेव्हा त्यांचीही कीव आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. कानामागचं हाड सडलं होतं, ते साफ करावं लागलं. आजार मेंदूकडे सरकत होता, तो थांबला. मुलगी वाचली. चेहराही हळूहळू बराचसा सरळ झाला. पण आतला ऐकण्याचा भाग कुरतडला गेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की वेळेत आली असती तर नुसता कानाचा पडदा बसवून भागलं असतं. आता डावा कान गेला, श्रवणयंत्र लावूनही उपयोग नाही. मी घरी येऊन न जेवता झोपले.

दुसरी फेरी आली ती त्यानंतर, वरातीमागून घोडं यावं तशी. या वेळी कुणी तेल घातलं नव्हतं. गाव चांगलंच हादरलं होतं, आया लेकरांचे कान हातानं झाकून घेऊन आल्या होत्या. जवळजवळ सगळी पोरं पास झाली, दोघातिघांच्या कानात मळ निघाला. यंत्रवाल्या बाई जेवायच्या सुट्टीआधीच मोकळ्या झाल्या. जाताना त्यांनी तिची चौकशी केली. मी सांगितलं. त्या बराच वेळ यंत्राची वायर गुंडाळत राहिल्या.

मुलगी आता चौथीत आहे. तिची बडबड कमी झाली, पण पूर्ण थांबलेली नाही. मी तिला डाव्या भिंतीकडेच्या बाकावर बसवते, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहतो. अभ्यास बरा चाललाय. सगळे म्हणतात, एक कान आहे ना, निभावेल. मीही आधी तसंच म्हणायची.

मग एकदा शाळा सुटताना तिची आई फाटकाच्या डाव्या अंगाला उभी होती. तिनं नेहमीसारखी हाक मारली. मुलीला ती ऐकू आली, मी तिचा चेहरा फुललेला पाहिला. आणि ती वळली उजवीकडे. एका कानाला हाक कळते, ती कुठून आली ते कळत नाही. ती आईला शोधत रस्त्याच्या दिशेनं निघाली. आईला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही, म्हणून ती आणखी जोरात हाका मारू लागली, आणि मुलगी प्रत्येक हाकेला पाऊल उचलून आणखी लांब जात राहिली. शेवटी आईनं धावत जाऊन तिचा दंड धरला. रस्त्याच्या अगदी कडेला.

तेव्हापासून ती आत वर्गापर्यंत येते, लेकीच्या समोर उभी राहते आणि तिचा हात धरते. हाक मारायची तिनं सोडून दिली आहे.