काशीत सोडलेली मेथी

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची, ही आपली रीत. पण आमचे तेल्हाऱ्याचे भगवंतकाका भारी वस्ताद! पंड्यासमोर गळा दाटून आल्याचं सोंग करून त्यांनी पालेभाज्या सोडल्या. वर गाजर आणि लाल कोहळंही फुकटात सोडलं. लग्नापासून ज्या माणसानं मेथीचं ताट दूर सरकवलं, त्याचा हा त्याग! बाजूला बसलेल्या दुर्गाकाकूंनी चहा सोडला. चहाशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. पण गावात कौतुक झालं ते काकांचंच.

नुसत्या दुधाचा काकांना वास यायचा, अंडं घरात चालत नव्हतं. मग काय, वर्षानुवर्षं वरण-भात, भाकर आणि ठेचा. पुढे पुढे दिवेलागणीला काका उंबरठ्याला ठेचकाळू लागले. विचारलं तर म्हणत, "उंबरठाच वर आला हाये." शेवटी एका संध्याकाळी त्यांनी आपली जीव की प्राण लुना सरळ शेजारच्या जानरावच्या म्हशीवर घातली.

"मंग? म्हशीनं इंडिकेटर देला काय?" वर तोंड करून हेच!

म्हैस शाबूत राहिली. काकांच्या लुनाची किल्ली मात्र त्यांच्या मुलानं, कुलदीपनं, काढून घेतली. लुना गेली म्हणजे चौक गेला, पान गेलं, गावगप्पा गेल्या. काका लेकरासारखे रुसले.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि विचारलं, "काका, जेवणात काय काय असतं?" सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. अ जीवनसत्त्व आटलं होतं, म्हणून रातांधळेपणा. औषध दिलं, पण बजावलं, "भाज्या खाल्ल्या नाहीत तर दिवसाही दिसणार नाही."

घरी येऊन काका गरजले, "काशीत सोडलेलं तोंडात घेऊ? नरकात धाडता काय मले?"

"किल्ली पायजे काय, बाबा?" कुलदीप एवढंच म्हणाला.

काकूंनी मेथीची वाटी पुढे ठेवली. "खा मुकाट्यानं. देवाले समदं ठाऊक हाये."

काकांनी एरंडेल प्यावं तशी मेथी खाल्ली. मग पालक, मग कोहळं. काही आठवड्यांनी संध्याकाळचं अंगण दिसू लागलं आणि किल्ली परत मिळाली.

त्याच दिवशी दिवेलागणीला काका ऐटीत लुना काढत होते. सहज स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत नजर गेली. काकूंनी त्यांच्यासाठी चहा गाळला, कप उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून वास घेत उभ्या राहिल्या. मग पदरानं कपाची कड पुसून बाहेर आल्या.

काकांनी लुना परत स्टँडवर लावली. "घे न वो तू बी घोटभर."

"काशीत सोडला न."

"मी बी सोडलंच व्हतं. मोडलं न?"

"तुमी काय सोडलं व्हतं?" काकूंनी कप त्यांच्या हातात दिला. "निवून राहिला. प्या."

काकांच्या घशाखाली तो चहा काही उतरेना.